पगार थांबतो तेव्हा घर कसं चालतं

२७ फेब्रुवारी २०२३, सोमवार. सकाळी साडेदहाला एका मीटिंगचं बोलावणं आलं आणि अकराच्या आत ती संपलीसुद्धा. बारा वाजता लॅपटॉप आणि गळ्यातलं ओळखपत्र सिक्युरिटीपाशी जमा करून मी हायटेक सिटीच्या रस्त्यावर उभा होतो. त्या महिन्यांत अशी हवाच होती. गूगलने जानेवारीत जगभरातून १२,००० माणसं कमी करणार असं जाहीर केलं होतं, ॲमेझॉनने १८,०००. आमची कंपनी एवढी मोठी नव्हती, त्यामुळे आमची बातमी कुठे आली नाही.

मंदीची पुस्तकी व्याख्या सलग दोन तिमाही अर्थव्यवस्था आकुंचन पावण्याची आहे. भारतात २०२० मध्ये ती पूर्ण झाली होती, पण तेव्हा माझा पगार चालू होता आणि मला मंदी म्हणजे वर्तमानपत्राचं पान वाटायचं. २०२३ मध्ये देशाची वाढ चांगली होती, आणि आमच्या मियापूरच्या घरात मंदी होती. ती जवळपास आठ महिने टिकली. त्या काळात आम्ही काय केलं, कशाने खरंच पैसे वाचले आणि कशाने नुसतं समाधान मिळालं, ते मंडळाच्या मासिकात लिहावं असं वाटलं. आपल्या पुढच्या पिढीतली बरीच मुलं माझ्याच क्षेत्रात आहेत, म्हणून.

सुरुवात मात्र माझ्या मूर्खपणापासून करावी लागेल. बायकोला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. आई-बाबांना सांगायचं धाडस झालं नाही. बाबांना मधुमेह आणि ब्लडप्रेशर, आई काळजीने झोपत नाही, पाडवा तोंडावर आलेला. पाडवा होऊ दे, मग सांगू, असं ठरलं. मी रोज साडेआठला डबा आणि रिकामी बॅग घेऊन निघायचो, मेट्रोने उस्मानिया मेडिकल कॉलेजपर्यंत जायचो आणि अफझलगंजच्या स्टेट सेंट्रल लायब्ररीत बसायचो. तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं पहाटेपासून जागा धरून असतात. त्यांच्यात बसून मी अर्ज पाठवत राहायचो आणि दुपारी पायरीवर डबा खायचो.

अठराव्या दिवशी, पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी, आई म्हणाली, "अरे, तुझा तो गळ्यातला पट्टा कुठाय? आल्या आल्या दाराच्या खिळ्याला अडकवायचास. दोन-तीन आठवडे झाले, खिळा मोकळाच दिसतोय."

मी सगळं सांगितलं. आई काही बोलली नाही, आत जाऊन चहा ठेवला. बाबांनी एकच विचारलं, "हातात किती महिन्यांचं आहे?"

त्या अठरा दिवसांनी घराचं नेमकं काय नुकसान केलं ते नंतर कळलं. कंपनीच्या आरोग्य विम्यात आई-बाबा होते. माझी नोकरी कागदोपत्री १५ मार्चला संपली आणि त्या दिवशी सगळ्यांचा विमा संपला. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येतं, आणि तसं केलं तर आधीची वर्षं जमेस धरली जातात. पण त्यासाठी वेळेत अर्ज हवा, बाबांचे जुने रिपोर्ट हवेत, त्यांची सही हवी. बाबांना न सांगता बाबांचे रिपोर्ट कसे मागणार? आम्ही चौकशी केली तेव्हा १८ मार्च उजाडला होता. शेवटी नवी पॉलिसी घ्यावी लागली, आम्हा सगळ्यांचे मिळून वर्षाला ५८,००० रुपये, आणि बाबांच्या मधुमेहाची प्रतीक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून. तेव्हा ही प्रतीक्षा चार वर्षांपर्यंत असू शकत होती. २०२४ मध्ये ती कमाल तीन वर्षांवर आणली गेली. त्या मुदतीत मधुमेहापायी दवाखान्यात राहायची वेळ आली असती, तर खर्च आमचाच होता. तशी वेळ आली नाही, हे आमचं नशीब, शहाणपण नव्हे.

म्हणून ज्यांची नोकरी जाते आहे किंवा जाईल असं वाटतं आहे, त्यांनी पहिला फोन विमा कंपनीला करावा. किराण्याची यादी नंतर.

पाडवा झाल्यावर रविवारी आम्ही पाचही जण टेबलाशी बसलो. पाचवी म्हणजे दुसरीतली लेक, तिला हिशेब समजत नव्हता पण बाहेर बसायलाही तयार नव्हती. मी एक्सेल उघडलं. आईने कपाटातून एक लांबट वही काढली. १९९५ची. बाबा तेव्हा बाळानगरच्या एका कारखान्यात होते आणि सलग पाच महिने पगार झाला नव्हता. आम्ही तेव्हा काचीगुड्याला भाड्याने राहत होतो. मी सात वर्षांचा होतो आणि मला त्यातलं एवढंच आठवतं की आई रात्री उशिरापर्यंत शिवणयंत्रावर असायची.

वहीतल्या एका महिन्याची बेरीज होती २,३४० रुपये. त्यातले सुमारे १,३०० खाण्यापिण्याचे, ज्वारी, डाळ, तेल, दूध, भाजी. भाडं ४५०. शाळेची फी नगण्य. हप्ता नावाचा शब्द अख्ख्या वहीत नाही. भिशी आहे, पण ती स्वतःची बचत.

माझ्या एक्सेलमध्ये महिन्याचा खर्च निघाला १,३८,४०० रुपये. आम्हा दोघांचे पगार मिळून १,४६,००० यायचे, म्हणजे आपण बरे चाललो आहोत असा माझा समज. स्वयंपाकघराचे १९,००० आणि बाहेरून मागवण्याचे ९,००० धरले तरी खाण्यावर पाचवा हिस्सा. घराचा हप्ता ३६,०००, गाडीचा ११,४००, शाळा, सोसायटीचा मेन्टेनन्स, विमा हे मिळून ६५,६००, म्हणजे जवळजवळ निम्मा खर्च आधीच सही करून बांधून घेतलेला. बायको शाळेत शिकवते. तिच्या ३४,००० पगारात नुसता घराचा हप्तासुद्धा बसत नव्हता.

हा फरक फक्त आमच्या घरातला नाही. सरकारी पाहणीप्रमाणे १९९९-२००० मध्ये शहरी कुटुंबाच्या खर्चात खाण्याचा वाटा सुमारे ४८ टक्के होता, २०२२-२३ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. आईची सगळी काटकसर ज्या भागावर चालली तो तिच्या खर्चाचा अर्ध्याहून मोठा भाग होता. तीच काटकसर माझ्या पाचव्या हिश्शावर कितीही जोर लावून केली, तरी घर तरणार नव्हतं. मी आईच्या वहीतल्या युक्त्या शोधायला बसलो होतो आणि त्या वहीने मला माझा हप्ता दाखवला.

तर हप्त्याबद्दल. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. आपल्यापैकी बहुतेकांची गृहकर्जं बदलत्या दराची असतात. दर वाढला की बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, त्यामुळे आपल्याला काही झाल्याचं जाणवत नाही. गणित करून पाहा. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ७ टक्के: हप्ता ३८,७६५. तेच ९ टक्क्यांनी: ४४,९८६. आणि ९ टक्के होऊनही हप्ता ३८,७६५च ठेवायचा म्हटलं, तर कर्ज फिटायला वीसऐवजी ३८ वर्षं लागतात. मी इंजिनिअर असून हे गणित नोकरी गेल्यावर पहिल्यांदा केलं. (ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला द्या. आम्हाला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं.)

बँकेत गेल्यावर एक गोष्ट मात्र कामाची कळली. नव्या ग्राहकांना जो दर मिळतो तो जुन्यांना आपोआप मिळत नाही, थोडी फी भरून मागावा लागतो. अर्ज केला, काही हजार भरले, दर ०.६ टक्क्यांनी उतरला आणि हप्ता महिन्याला १,९०० रुपयांनी कमी झाला. अर्ध्या तासाचं काम. ते मी दोन वर्षं आधीही करू शकलो असतो.

गाडी विकली. ४ लाख १० हजार आले, कर्जाचे २ लाख ९० हजार गेले. हप्ता आणि बहुतेक पेट्रोल मिळून महिन्याचे सोळा हजार सुटले. बाबांना दवाखान्यात न्यायला रिक्षा करायचो, ती महिन्यातून दोनदा. गाडी विकताना सगळ्यात जास्त वाईट कुणाला वाटलं असेल तर मला. लेकीने मेट्रोत खिडकीची जागा मिळते म्हणून काही मनावर घेतलं नाही. एसआयपी थांबवली. पीएफला हात लावला नाही. तेव्हाच्या नियमाने नोकरी सुटून महिना झाला की ७५ टक्के काढता येत होते आणि दोन-तीनदा माझा हात त्या अर्जावर गेला होता.

सगळं मिळून खर्च ८६,७०० वर आला. बायकोचा पगार वजा केला की महिन्याला जवळजवळ ५३,००० कमी पडत होते. कंपनीने दिलेला दोन महिन्यांचा पगार आणि बाजूला ठेवलेले १,६०,००० मिळून सात महिने निघणार होते. बाबांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं: सात. ते म्हणाले, "हौ, मग झोपा आता." त्या रात्री खरंच झोप लागली.

एप्रिलमध्ये आणखी एक चूक केली, तीही सांगून टाकतो. क्रेडिट कार्डाचं बिल ६८,००० आलं होतं, त्यात विम्याचा हप्ताही होता. हातातली रोकड टिकवावी म्हणून मी फक्त किमान रक्कम भरली. पुढच्या बिलात व्याज पाहिलं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२, वर व्याजावर जीएसटी. नऊ टक्क्यांच्या गृहकर्जाशी महिनाभर झगडणारा माणूस बेचाळीस टक्के शांतपणे भरत होता. गाडीच्या पैशातून ते कार्ड लगेच फेडलं आणि आईच्या स्टीलच्या डब्यात ठेवून दिलं.

आता स्वयंपाकघर. इथे वाचलेली रक्कम लहान असली तरी घर रोज इथेच हलतं, म्हणून जरा सविस्तर.

सुपरमार्केट बंद करून आम्ही कुकटपल्लीच्या रयतू बाजारात जाऊ लागलो. १९९९ पासून सुरू झालेले हे शेतकऱ्यांचे बाजार आहेत. भाव फळ्यावर लिहिलेला असतो, त्यामुळे घासाघीस न येणाऱ्या माझ्यासारख्यांची सोय होते. बंद व्हायच्या सुमारास पालेभाजी आणखी उतरते. जुलैत टोमॅटो शंभराच्या खूप पुढे गेला, तेव्हा आईने जाहीर केलं की टोमॅटो पाहुणा आहे, रोजचा नाही. चिंचेचं सार, खट्टी दाळ आणि अंबाडी. अंबाडी, म्हणजे इथली गोंगुरा किंवा पुंटिकूरा, हैदराबादेत मुबलक मिळते. कण्या घालून केलेली आईची अंबाडी आणि शेजारच्या तेलुगू काकूंची गोंगुरा पप्पू यांची आमच्याकडे आठवड्याला अदलाबदल होऊ लागली. दोन्ही घरी एक भाजी कमी करावी लागायची.

गॅस सिलिंडर अकराशेच्या पुढे होता. ऑगस्टअखेर केंद्राने २०० रुपये उतरवले, तोवर आम्ही शिकून घेतलं होतं. डाळ आणि कडधान्यं आधी भिजवायची, भात-डाळ-बटाटे एकाच कुकरमध्ये, तिसरी शिट्टी झाली की बंद आणि उरलेलं काम वाफेवर. २४ दिवस पुरणारं सिलिंडर ३१ दिवस जाऊ लागलं. महिन्याला सव्वातीनशे रुपये. हे मी एक्सेलमध्ये आलेखासकट ठेवलं होतं, त्यावर घरात पुरेशी चेष्टा झाली आहे.

फसलेलेही बरेच. घाऊक स्वस्त पडतं म्हणून जूनमध्ये दहा किलो तूरडाळ आणली. पावसाची हवा, फ्लॅटला ना गच्ची ना ऊन. जुलैअखेर डाळीला कीड लागली. आई म्हणाली, "वर्षाचं आम्ही भरायचो ते उन्हाळ्यात, कडक ऊन दाखवून, एरंडेल चोळून. तू पावसाळ्यात भरलंस." भाकरीकडे वळा म्हणजे स्वस्त पडेल, हाही गैरसमज निघाला. आमच्या भागात ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. भाकरी आवडते म्हणून खातो, काटकसर म्हणून नाही.

एकूण स्वयंपाकघरातून महिन्याला ४,००० वाचले. बाहेरून मागवणं जवळपास बंद केल्याने ८,०००. ते आठ हजार वाचवायला मला काही करावं लागलं नाही, मात्र बायकोला लागलं. मेमध्ये एका रात्री ती भांडी विसळत असताना स्पष्ट म्हणाली, "तुझ्या तक्त्यात पैसे आहेत, माझे तास कुठे आहेत?" ती शाळा करून यायची, वर घरच्या पिझ्झाचा तळ भाजायची, दही लावायची, आणि मी दिवसभर घरी असून मुलाखतीची तयारी या नावाखाली लॅपटॉपसमोर. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या पोळ्या माझ्याकडे आल्या. पहिले पंधरा दिवस त्यांना पोळ्या म्हणणं धाडसाचं होतं.

पोळ्या माझ्याकडे येण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते सांगायला मला आवडत नाही. स्वयंपाकाच्या मावशींना आम्ही एप्रिलपासून नको म्हणालो होतो. चार हजार रुपये. भांड्यांच्या बाईंना ठेवलं, कारण बायको हटून बसली. म्हणाली, आपली मंदी खाली ढकलत गेलो तर ती कुठेतरी जाऊन थांबणारच, आणि जिथे थांबेल तिथे आपल्यासारखे सात महिने शिल्लक नसतील. हे पटूनही मावशींना मात्र काढलंच. त्यांना मी आगाऊ महिनाभर सांगितलं नाही. मला स्वतःला दोन महिन्यांचा पगार मिळाला होता.

जूनमध्ये एके दिवशी आईने पाटल्या टेबलावर ठेवल्या. काही न बोलता. १९९५ मध्ये तिने अशाच पाटल्या गहाण ठेवल्या होत्या, त्या सुटल्या नाहीत. या नंतरच्या, मी नोकरीला लागल्यावर तिने हट्टाने केलेल्या. बँकेचं सोनेतारण कार्डाच्या व्याजापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं आणि दागिना विकण्यापेक्षा बरं, हे हिशेबाने मला माहीत होतं. तेव्हा किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळत होतं हेही. मी त्या उचलून परत तिच्या हातात दिल्या आणि म्हणालो की ऑक्टोबरपर्यंत लागणार नाहीत. ऑक्टोबरनंतर काय, ते तिने विचारलं नाही.

सप्टेंबरमध्ये गणपती आले. मंडळाची वर्गणी आम्ही दरवर्षी २,१०० देतो. काका पावतीपुस्तक घेऊन आले तेव्हा मी ५०१ सांगितले आणि उगाच काहीतरी कारण जोडू लागलो. बाबा मध्येच म्हणाले, "त्याची नोकरी गेली आहे, पुढच्या वर्षी पूर्ण देऊ." काका क्षणभर थांबले आणि पुस्तक मिटून बसले. मग कळलं की त्यांचा जावई मे महिन्यापासून घरी आहे, आणि आणखी दोन घरांत तेच. आरतीला आम्ही सगळे रोज भेटत होतो, कोण कुठल्या प्रोजेक्टवर आहे असं एकमेकांना विचारत होतो आणि बिनधास्त खोटं बोलत होतो. विसर्जनानंतर आम्ही चौघे एका रविवारी आमच्याकडे बसलो, एकमेकांचे बायोडेटा वाचले, ओळखी दिल्या. मला पुढे जिथे नोकरी लागली, तिथली जागा त्या जावईबापूंनीच सांगितली होती. त्यांना स्वतःला लागायला आणखी चार महिने गेले.

मी ऑक्टोबरच्या मध्यावर रुजू झालो. पगार आधीपेक्षा जवळपास पाचव्या हिश्शाने कमी. तेव्हा घासाघीस करण्याच्या स्थितीत कुणीच नव्हतं. त्या आर्थिक वर्षात टीसीएससारख्या कंपनीचीही माणसं तेरा हजारांहून जास्त घटली.

गाडी पुन्हा घेतलेली नाही. एसआयपी सुरू केली, पण त्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत थांबलो. एक्सेल बंद झालं. आता खर्च आईच्याच पद्धतीने वहीत जातो, फक्त पानाच्या वरच्या बाजूला बाबांच्या सांगण्यावरून एक आकडा लिहितो: हातात किती महिन्यांचं आहे. गेल्या महिन्यात तो आठ होता.

नोव्हेंबरमध्ये मी स्वयंपाकाच्या मावशींकडे गेलो आणि परत या म्हणालो. त्यांनी तोवर पलीकडच्या टॉवरमध्ये दोन घरं धरली होती. आता त्या फक्त रविवारी येतात, दर पूर्वीपेक्षा जास्त सांगितला, आम्ही तो दिला. बाकी सहा दिवस पोळ्या मीच करतो.